आधी थांबायला शिकूया



आज माइकसमोर आम्ही तिघी बसलोय. कागद एकीच्या हातात आहे, पण बोलणं तिघींचं आहे, म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतोय. आमच्यातली एक वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करते, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून. दुसरी आशाताई आहे. तिसरी बचत गटांचं काम बघते; सात गावांच्या बैठका, बँकेचे कागद, सगळं स्कूटीवरून. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या, उसाच्या पट्ट्यातल्या. रस्ते कसे असतील ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघींनी चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एक दिवस मोटारसायकल चालवली. गावात हे कळलं तेव्हा पारावरची माणसं हसली. 'शर्यत लावायला गेला होता व्हय?' असं विचारायला लागली. शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बैलगाडा येतो, धुरळा येतो, आरडाओरडा येतो. तसलं काही नव्हतं. आम्ही शिकायला गेलो होतो. आणि शिकून आलो ते गाडी पळवायला नाही, गाडी थांबवायला. आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

आधी सांगतो, गेलो कशासाठी. आमच्या गटात एक मैत्रीण आहे. नाव घेत नाही. ती परकर, गाऊन शिवते आणि तीन गावांच्या आठवडी बाजारात नेऊन विकते. जुनी स्कूटी होती तिच्याकडं. एका संध्याकाळी बाजारातून येताना पुढं उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. तिला ट्रॉली दिसली तेव्हा अंतर थोडंच राहिलं होतं. तिनं डावा ब्रेक गच्च दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, बारीक खडीवरून घसरलं, आणि ती गाडीसकट आडवी झाली. पाय दोन ठिकाणी मोडला. पट्टी टाकावी लागली.

हाड जुळलं. पण घरच्यांनी स्कूटी विकून टाकली. बाजार बंद झाला. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते आम्ही सगळ्यांनी मिळून भरले. आणि गावानं एक वाक्य पाठ केलं, 'बाईमाणसाला गाडी झेपत नाही.' ट्रॉलीला दिवा का नव्हता, हे कुणी विचारलं नाही. चाक का घसरलं, हेही कुणी विचारलं नाही.

आमच्यातल्या एकीची भाची चेन्नईकडं दुचाकीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर गाडी चालवायला जाते. तिला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला ब्रेक लावायला कुणी शिकवलं?" आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. गाडी चालवायला शिकवलं होतं. कुणाला भावानं, कुणाला नवऱ्यानं. मागून पळत आले, दोनदा धरलं, तिसऱ्यांदा सोडलं, झालं शिक्षण. ब्रेकबद्दल एकच शिकवण होती. 'पुढचा ब्रेक दाबू नको, कोलांटी खाशील.' मैत्रिणींनो, खरं सांगा, तुम्हालाही हेच सांगितलंय ना?

भाची म्हणाली, इथं नवख्यांसाठी एक दिवसाचं शिक्षण असतं, गाडी त्यांचीच असते, या. आम्ही ठरवलं. पण त्या गाड्यांना गिअर, आणि दोघींकडं परवाना फक्त बिनगिअरचा. स्कूटीच्या परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही, हे लक्षात ठेवा. मग आमच्या दूधवालीनं दोघींना दोन महिने रोज संध्याकाळी आपल्या गाडीवर गिअर शिकवले. शिकाऊ परवाना काढला, तीस दिवस थांबलो, परीक्षा दिली, पक्का परवाना हातात आला, तेव्हाच तिकीट काढलं. खर्च प्रत्येकीनं आपापल्या साठवलेल्या पैशातून केला, गटाच्या पेटीला हात लावला नाही. हेही सांगून टाकलेलं बरं.

सोलापूरहून चेन्नईला थेट रेल्वे आहे. तिथून बंगळूरच्या रस्त्याला तासाभरावर इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे. ट्रॅक तिथं. त्या भागात पूर्वी शोलावरम इथल्या विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. मग शर्यतीसाठीच बांधलेला हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. एक फेरी पावणेचार किलोमीटरला थोडी कमी भरते, आणि तिच्यात बारा वळणं आहेत. रस्ता रुंद, डांबर एकसारखं, खड्डा नाही, गतिरोधक नाही, म्हैस नाही, कुत्रं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, समोरून कुणी येत नाही. सगळे एकाच दिशेनं जातात.

सकाळी सात वाजता गेलो. वाटलं, लगेच गाडीवर बसवतील. कसलं काय! आधी गाडीची तपासणी. टायरमध्ये हवा किती, टायर झिजलाय का, चेन सैल आहे का, ब्रेक किती दाबल्यावर धरतो. आरसे काढलेले, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी, म्हणजे गाडी पडलीच तर काच रस्त्यावर विखरायला नको. वेग दाखवणाऱ्या काट्यावरसुद्धा पट्टी चिकटवलेली. आम्ही विचारलं, हे का? तर शिकवणारे म्हणाले, "काट्याकडं बघाल तर रस्त्याकडं कोण बघणार?" गावात आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, 'किती पळवली?' आमचं उत्तर ठरलेलं, 'माहीत नाही, काटा झाकलेला होता.'

मग आमची तपासणी. जाड चामड्याचा सूट, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. कोपर, खांदा, गुडघा, पाठ, सगळीकडं आत कडक गादी. घोटा झाकणारे बूट, हातमोजे, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. सूट भाड्याचे, आणि सगळे पुरुषांच्या मापाचे. खांद्याला बसला तर कमरेला बसेना. शेवटी एकीला पोरसवदा मुलाचा सूट बसला.

त्यात नियम असा की अंगावर दागिना नको. बांगडी फुटली तर हातात घुसते, गळ्यातलं अडकलं तर गळा कापतं. आमच्यातल्या एकीनं लग्न झाल्यापासून मंगळसूत्र उतरवलेलं नव्हतं. ती बाजूला जाऊन बसली. मग तिनं घरी सासूबाईंना फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतपणाला आत नेलं तेव्हा नर्सनं काढून माझ्याच हातात दिलं होतं की. जीव सांभाळायला काढायचं, त्यात काय? भाचीकडं दे आणि घाल ते काय सांगतात ते." मैत्रिणींनो, अशी सासू प्रत्येकीला मिळो.

त्यानंतर वर्ग. होय, फळा आणि खडू. शिकवणारे हिंदी, इंग्रजी, तमिळ मिसळून बोलायचे, आणि भाची मागं बसून मराठीत सांगायची. पहिले शिकवले झेंडे. ट्रॅकच्या कडेला जागोजागी माणसं उभी असतात, त्यांना मार्शल म्हणतात. त्यांनी पिवळा झेंडा हलवला की पुढं धोका आहे, कुणाला ओलांडायचं नाही. लाल झेंडा म्हणजे सगळं थांबलं, सावकाश आत या. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे पुढं घसरडं आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे पाळी संपली. आम्हाला वाटलं, आपल्या गावाच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात असा पिवळा झेंडा घेऊन कुणी उभं राहिलं असतं तर!

मग एक नियम सांगितला, तो आमच्या मनात घर करून बसला. पुढच्याला ओलांडताना सगळी जबाबदारी मागून येणाऱ्याची. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, घाबरून बाजूला पळायचं नाही, आपली सरळ रेघ धरून चालवायची. बाजूनं सुरक्षित कसं जायचं, ते मागच्यानं बघायचं. आता आपला रस्ता आठवा. मागून हॉर्न वाजला की आपण दचकून कडेच्या मातीत उतरतो, आणि तिथंच घसरतो. बाईची गाडी दिसली की काहींना जोरात हॉर्न वाजवायची मजा वाटते. आपल्या रस्त्यावर आरसा बघायचाच, पण हॉर्नला दचकून मातीत उडी मारायची नाही. वेग कमी करा, डावीकडची आपली रेघ धरा, मागच्याला जागा मिळेल तेव्हा जाऊ द्या.

आता ट्रॅकवर. पहिल्या दोन फेऱ्या शिकवणाऱ्यांच्या मागं, रांगेनं, बदकाच्या पिलांसारख्या. काळीज धडधडत होतं ते वेगानं नाही, तर रस्ता एवढा मोकळा कधी बघितलाच नव्हता म्हणून. पुढं काय आडवं येईल ही भीती आपल्या मनात कायम असते. ती नसली की माणसाला स्वतःचे हात कळतात. हँडल किती घट्ट धरलंय ते कळतं. खांदे कानापर्यंत चढलेत ते कळतं. शिकवणारे म्हणाले, "पाखरू धरल्यासारखं धरा. सुटायला नको आणि मरायला नको."

मग ब्रेकचा धडा. सरळ पट्ट्यावर शंकू मांडले होते. शंकूपाशी आलं की थांबायचं. त्यांनी आधी कारण सांगितलं. गाडी थांबायला लागली की सगळं वजन पुढं झुकतं. बैलगाडी एकदम थांबली की आतली पोती पुढं सरकतात, तसं. वजन पुढं गेलं की पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं आणि चांगलं धरतं. मागचं चाक हलकं होतं, त्याला पकड राहत नाही. म्हणून गाडी थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक गच्च दाबला तर हलकं झालेलं चाक अडकतं आणि घसरतं. हे ऐकलं आणि आम्हा तिघींच्या डोळ्यांपुढं ती ट्रॉली, ती खडी आणि आमची मैत्रीण आली. तिला गाडी झेपत नव्हती असं नाही. तिला अर्धाच ब्रेक शिकवला होता.

पण पुढचा ब्रेक हिसक्यानं दाबायचा नाही. त्यांनी सांगितलं, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू वाढवत दाबा. आमची दूधवाली पटकन म्हणाली, "लिंबू कशाला, धार काढतो तसं! आचळाला हिसका दिला तर म्हैस लाथ मारणारच." भाचीनं ते तमिळमध्ये सांगितलं तर सगळा वर्ग हसला. पण त्या वर्गात ब्रेक सगळ्यांत आधी जमला तो तिलाच. आयुष्यभर बोटांनी तेच केलंय तिनं.

दुसरा धडा अंतराचा. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायला दुप्पट नाही, चौपट जागा लागते. वीसच्या वेगाला चार पावलं लागत असतील तर चाळीसला सोळा. आणि हे ब्रेक दाबल्यापासूनचं. चाळीसच्या वेगाला एका सेकंदात गाडी अकरा मीटर पुढं जाते. दिसलं, कळलं, बोटं हलली, एवढ्यातच ती अकरा मीटर गेलेली असते. रात्रीच्या रस्त्यावर हा हिशेब मनात ठेवा.

तिसरा धडा नजरेचा. नजर जिथं, गाडी तिथं. खड्ड्याकडं बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. त्यांनी वळणावर शंकू मांडले होते. ब्रेक कुठं लावायचा, गाडी कुठं वळवायची, वळण कुठं संपतं. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. मग मान वळवून वळणाच्या शेवटाकडं बघायचं. आणि बाहेर पडताना हळूहळू रेस द्यायची. दुपारपर्यंत प्रत्येक वळणाआधी आम्ही मोठ्यानं म्हणायला लागलो, 'ब्रेक, बघ, वळ.' हेल्मेटच्या आत कोण ऐकतंय!

दुपारच्या पाळीत आमच्या पुढं एक तरुण मुलगा वळणावर घसरला. लाल झेंडे हलले, सगळे सावकाश आत आलो. तो मातीच्या पट्ट्यात लांबपर्यंत घसरत गेला, उठला, अंग झटकलं आणि चालत आला. चामडं खरवडलं होतं, कातडी नाही. डोकं कुठंच आपटलं नव्हतं, कारण कडेला ना झाड ना दगड ना खांब. रुग्णवाहिका पन्नास पावलांवर उभी होती. तेव्हा कळलं, ट्रॅकवर वेग जास्त असतो, पण पडण्याची तयारी आधीच केलेली असते. आपल्या रस्त्यावर ती काहीच नसते. म्हणून एक हात जोडून विनंती. हे ऐकून कुणी रस्त्यावर वेगाची हौस करू नका आणि पोरांनाही करू देऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

संध्याकाळी भाचीनं आम्हाला या खेळातल्या बायकांबद्दल सांगितलं. इंग्लंडमध्ये बिअट्रिस शिलिंग नावाची इंजिनियर होती. तिनं १९३४ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर, म्हणजे एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगानं फेरी मारली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातली गोष्ट ही. स्पेनच्या अ‍ॅना करास्कोनं २०१८ साली पुरुषांबरोबरच्या शर्यतींत जागतिक विजेतेपद मिळवलं. आपल्या बंगळूरच्या ऐश्वर्या पिसेनं २०१९ साली बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद आणलं. 'बाईला झेपत नाही' असं म्हणणाऱ्यांना ही नावं सांगा.

आता घरी आल्यावर काय केलं ते ऐका, कारण खरं काम तेच. दर रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या मोकळ्या मैदानात आम्ही सराव घेतो. फक्कीनं रेघ मारतो. तुमच्या गटालाही हे करता येईल. मैदान सपाट, कोरडं आणि रिकामं हवं. हेल्मेट आणि बंद बूट घालूनच. ओढणी मागं गाठ मारून, पदर खोचून. गाडी सरळ असताना, वीसच्या वेगानं, रेघेपाशी दोन्ही ब्रेक एकत्र, धार काढल्यासारखे. पुढचा वाढवत नेत. हँडल वळलेलं असताना किंवा खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, तिथं आधीच वेग कमी करायचा. दहा वेळा नीट जमलं की मगच वेग थोडा वाढवायचा. दुधाचे कॅन लावून थांबायला जास्त जागा लागते, तो सराव पाण्यानं भरलेल्या कॅनवर करायचा. २०१९ नंतरच्या नव्या स्कूटीला बहुतेक जोडब्रेक असतो, म्हणजे डावा दाबला तरी दोन्ही चाकं धरतात. तरी उजवा दाबायची सवय हवीच.

आणि हेल्मेट. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं गेली. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली सुमारे पन्नास हजार, आणि त्यातली चौदा हजारांवर मागं बसलेली. मागं कोण बसतं, मैत्रिणींनो? मागं आपण बसतो, लेकरू मांडीवर घेऊन, एका बाजूला पाय सोडून. कायदा मागच्यालाही हेल्मेट लावायला सांगतो. आयएसआयचा शिक्का बघून घ्या आणि हनुवटीखालची पट्टी लावा, नाहीतर ते डोक्यावर ठेवलेलं पातेलंच. साडीसाठी मागच्या चाकाला जाळी असतेच, ती काढू देऊ नका.

आमची ती मैत्रीण पहिल्या दोन रविवारी नुसती फक्कीच्या रेघा मारायला आली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "एकदा बसू का?" बसली. वीसच्या वेगानं आली आणि रेघेच्या अलीकडं, दोन्ही ब्रेक लावून, थांबली. गाडी सरळ उभी. मग आणखी नऊ वेळा केलं तिनं. घरचे अजून तयार नाहीत. तिचा नवरा मैदानाच्या कडेला उभा राहून बघून गेला, बोलला काहीच नाही. गटानं जुन्या स्कूटीसाठी कर्जाचा ठराव लिहून ठेवलाय. घरातून होकार आला की त्याच दिवशी पैसे द्यायचे, असं ठरलंय.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहा. एक, गटात गाडी चालवणाऱ्या किती आणि त्यातल्या पक्क्या परवान्याच्या किती. दोन, हेल्मेट किती जणींकडं आहे, नसेल तर बचतीतून आधी हेल्मेट. तीन, सरावाचा दिवस आणि जागा. आणि उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेत एक अर्ज द्या, की गावातून जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागं चमकणारी पट्टी हवी. आम्ही दिलाय. तुम्हीही द्या.

आता कुणी तुम्हाला गाडी शिकवायला आलं, तर त्याला आधी एवढंच म्हणा, 'चालवायचं नंतर बघू, आधी थांबवायला शिकव.' आणि तुम्ही लेकीला, सुनेला शिकवाल तेव्हाही तिथूनच सुरुवात करा.